केडगावच्या रमाबाई

शाळेत असताना पंडिता रमाबाईंची आपली ओळख एका परिच्छेदापुरती होती. शारदा सदन, मुक्ती सदन, कृपा सदन अशी नावं पाठ करायची, जोड्या लावण्याच्या प्रश्नात एक गुण मिळवायचा आणि पुढच्या समाजसुधारकाकडे वळायचं. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे अर्ध्या वाक्यात उरकलेलं असायचं. वर्गात त्यावर कुणी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाचा विषय मोकळा ठेवला, तेव्हा मी हेच अर्धं वाक्य निवडलं. गेली काही वर्षं रमाबाईंबद्दल हाती येईल ते वाचते आहे. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा माझा अभ्यासही नाही. पण त्या ख्रिस्ती का झाल्या आणि झाल्यावर त्यांनी त्या धर्माचं नेमकं काय केलं, या दोन प्रश्नांमध्ये त्यांचं सगळं आयुष्य येतं असं मला वाटत आलं आहे. धर्माचा देखावा त्यांनी जवळून पाहिला होता, एकदा नव्हे, दोनदा. एकदा जन्माने मिळालेल्या धर्मात आणि एकदा स्वतः निवडलेल्या धर्मात. दोन्हीकडे त्यांनी एकच प्रश्न विचारला. ज्या बाईला सगळ्यांनी बाहेर काढलंय, तिच्यासाठी हा धर्म काय करतो?

तीर्थयात्रा आणि उपासमार

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. विद्यार्थी असताना त्यांनी पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीला संस्कृत शिकताना पाहिलं आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचं ठरवलं. बाईमाणसाला देववाणी शिकवतो म्हणून लोकांनी त्रास दिला, तसं त्यांनी जंगलातच घर बांधलं. पत्नी लक्ष्मीबाई शिकल्या आणि पुढे त्यांनी धाकट्या रमेला शिकवलं. पहाटे उठवून, मांडीवर घेऊन, तोंडी. लहानपणीच रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते.

पुढे घरची परिस्थिती ढासळली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची. जवळचं होतं ते व्रतं, दानं, ब्राह्मणभोजनं यांत गेलं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी थांबेना. वडिलांना विद्या सोडून दुसरं काही येत नव्हतं, मुलांनाही मजुरी शिकवलेली नव्हती, आणि भीक मागणं कमीपणाचं. झाडपाल्यावर दिवस काढायची वेळ आली. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत. भाऊ श्रीनिवास, कसेबसे तयार झालेले दोन ब्राह्मण आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, म्हणून तिरडीचा दांडा त्यांनी डोक्यावर घेतला.

मग दोघं भावंडं पायी उत्तरेकडे निघाली. पार पंजाब-काश्मीरपर्यंत गेली. झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू अंगावर ओढून ती झोपत. या सगळ्या प्रवासात त्यांनी तीर्थं पाहिली, पंडे पाहिले, आणि दर देवळाबाहेर बसलेल्या विधवा पाहिल्या. नवससायास करूनही पदरात काही पडत नाही हे तर त्यांना दिसलंच. पण याहून खोल गेली ती दुसरी गोष्ट. इतकं पुण्य जिथे वाटलं जातं, तिथे त्या विधवांच्या वाट्याला काहीच येत नाही.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. एका रात्रीत नाव सगळीकडे झालं. सत्कार, सभा, भाषणं. पण कौतुक करणाऱ्यांनी वाचायला दिलेले धर्मग्रंथ रमाबाईंनी बारकाईने वाचले तेव्हा त्यांना दिसलं, की स्त्री आणि शूद्र यांच्याबद्दल बहुतेक ठिकाणी एकच सूर आहे. ज्या ग्रंथांच्या पाठांतरासाठी आपला गौरव होतो आहे, त्यांच्यात आपल्याला जागा नाही.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोघांकडच्या समाजाने पाठ फिरवली. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर मूल, सख्खं कुणी उरलेलं नाही.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळाने त्यांचं स्वागत केलं. आर्य महिला समाज सुरू झाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघालं, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी तिथे मराठीतून ठासून सांगितलं. आपणच डॉक्टर व्हावं या इराद्याने १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या.

लंडनमधलं ते घर

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज या गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचं शिक्षण होणार नाही, हे लवकरच स्पष्ट झालं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच स्वतःचा जीव घेतला. परक्या मुलखात, लहान मुलीसह, तो काळ त्यांच्यावर कसा गेला असेल याची आपण फक्त कल्पना करायची.

याच काळात मठातल्या जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवायला नेलं. वेश्याव्यवसायात ढकलल्या गेलेल्या, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी ते घर होतं. तिथल्या जोगिणी त्यांच्याबरोबर राहायच्या, त्यांचं दुखणंखुपणं काढायच्या, त्यांना काम शिकवायच्या. रमाबाईंनी आयुष्यात कितीतरी प्रकारचं धर्मकार्य पाहिलं होतं, पण हे पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओळखीच्या धर्मशास्त्रात अशा बाईसाठी शिक्षा होती, परत यायची वाट नव्हती. त्यांनी त्या जोगिणींना विचारलं, की तुम्ही हे का करता. उत्तर म्हणून त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, हलक्या समजल्या गेलेल्या लोकांतली बाई. तिच्याकडे येशू पाणी मागतो, तिच्याशी बोलत बसतो, आणि धर्मातली सगळ्यात खोल गोष्ट तिलाच सांगतो.

मला नेहमी वाटतं, रमाबाईंचा निर्णय या घरात झाला. त्या प्रवचनाने जिंकल्या गेल्या नाहीत, चर्चच्या उंच कमानींनी किंवा वाद्याच्या सुरांनीही नाही. वादविवादात तर त्या भल्याभल्यांना हरवणाऱ्या होत्या. त्यांना जिंकलं ते कुणीतरी निमूटपणे चालवलेल्या एका घराने. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात मोठाच गहजब झाला. कालपर्यंत ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच टीकेची झोड उठवली. अपवाद महात्मा फुले यांचा. त्यांनी १८८५ साली 'सत्सार' काढून रमाबाईंची बाजू घेतली.

क्रॉसवरची अक्षरं

इथून पुढचा भाग आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हता, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. नवा धर्म घेतलेली बाई आता मुकाट सांगितलं तसं वागेल, अशी चर्चमधल्या वडीलधाऱ्यांची अपेक्षा होती. रमाबाई वागल्या नाहीत.

ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता होत्या, त्यांच्याशी त्यांचा पत्रांतून अनेक वर्षं वाद चालला. त्रैक्याचा सिद्धान्त, बिशपांचा अधिकार, प्रार्थनेचे नियम, सगळ्यावर. बायबल वाचून जे मनाला पटतं ते मानीन, मठाने सांगितलं म्हणून मानणार नाही, हा त्यांचा सूर. त्यांना दिलेल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती. ती आपल्याला आणि आपल्या लोकांना कळत नाहीत, तिथे संस्कृत अक्षरं असावीत असं त्यांचं म्हणणं. त्या शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही खात नसत, आणि हा जातीचा अहंकार आहे अशी तक्रार झाली तरी त्यांनी सवय बदलली नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, की एका हिंदी बाईने असं केलं तर लोक काय म्हणतील. रमाबाई संतापल्या. मायदेशात त्यांनी पुरुषांनी भरलेल्या सभा गाजवल्या होत्या. जी बंधनं झुगारून आपण इथवर आलो तीच आता ख्रिस्ताच्या नावाने घालता का, असा त्यांच्या रागाचा अर्थ होता.

शेवटपर्यंत त्यांनी स्वतःला कुठल्याही एका पंथाच्या दावणीला बांधून घेतलं नाही. त्यांच्या लेखी ख्रिस्त आणि चर्चची व्यवस्था या दोन गोष्टी होत्या, आणि त्यांनी पहिली निवडली होती. धर्मांतर म्हणजे गुलामी, हा आरोप करणाऱ्यांनी ही पत्रं वाचायला हवीत.

शारदा सदनाचं उघडं दार

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक १८८७ मध्ये निघालं. गावोगाव व्याख्यानं दिली. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं विधवांच्या शाळेचा खर्च उचलायचं ठरवलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, लहानपणीच विधवा झालेल्या. पुढे १८९३ मध्ये त्यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामामागे, म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आज्या-पणज्यांच्या शिक्षणामागे, शारदा सदनाचाही हात आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला हललं. शाळेचा नियम असा, की इथे धर्म शिकवला जाणार नाही. ब्राह्मण मुलींसाठी स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था, त्यांचे सोवळेओवळे, व्रतवैकल्यं, सगळ्याला मोकळीक. ख्रिस्ती बाईने चालवलेल्या घरात मुली निर्धास्तपणे तुळशीला पाणी घालू शकत. काही ख्रिस्ती मंडळींना हे मुळीच रुचलं नाही. ख्रिस्ती लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या शाळेत ख्रिस्ताचं नाव नाही, हे कसलं काम, अशी त्यांची तक्रार. देणगीदारांना आकडा हवा असतो. इतक्या जणींचा बाप्तिस्मा झाला, असा. रमाबाईंकडे तो द्यायला नव्हता.

दुसऱ्या बाजूला पुण्याचा सनातनी वर्ग टपून होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि खोलीचं दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. यावरून वृत्तपत्रांत रान उठलं. 'केसरी'ने तोफ डागली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली घरी नेल्या. त्यातल्या कित्येकींना घरी पुन्हा तेच, कोपऱ्यातलं जिणं.

या प्रसंगात चूक कुणाची, यावर आजही वाद होतो. रानड्यांची अडचण मला कळते. त्यांनी लोकांना शब्द दिला होता, आणि ज्या वयाच्या मुलींबद्दल आपण बोलतो आहोत त्या वयात जिने माया लावली तिचंच सगळं खरं वाटतं. रमाबाईंचं म्हणणंही कळतं. दार लावून घेतलं असतं तर शाळा सुखाने चालली असती. पण स्वतःच्या घरात आपली श्रद्धा लपवायची हाही एक देखावाच झाला असता, उलट्या बाजूचा. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि किंमत मोजली.

केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या यायला लागल्या, तसं रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. हाताशी पैसा बेताचा, शाळा नुकती कुठे सावरलेली. तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांमध्ये आणि रस्त्यांवर त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. अशा मुलींवर टपलेले दलालही पाहिले. मिळतील तितक्या मुलींना घेऊन त्या परतल्या. इथे जात विचारायचा प्रश्नच नव्हता. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी निघालं होतं. दुष्काळाने ती चौकट मोडली.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. शहरात एवढ्या मुली ठेवणं अशक्य झालं. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी आधीच माळरान विकत घेतलं होतं. मुलींची रवानगी तिथे झाली, सुरुवातीला तंबूत आणि झोपड्यांत. हेच मुक्ती सदन. प्लेगच्या रुग्णालयात आपल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडलं त्यावर रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं आणि सरकारच्या प्लेग-व्यवस्थेचे वाभाडे काढले. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं होतं, म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही.

१९०० साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला आणि आणखी शेकडो जणी आल्या. मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. हा आकडा वाचून मी क्षणभर थांबले. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला चारशे ताटं लावताना किती तारांबळ उडते हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. इथे दोन हजार माणसं, रोज, दोन वेळा, उघड्या माळावर. त्यातल्या निम्म्याअधिक लहान. कुणाला हगवण, कुणाच्या डोक्यात जखमा आणि उवा, कुणी अन्न चोरून उशाखाली लपवणारी, कुणी रात्री ओरडत उठणारी. कित्येकींना वाचवता आलं नाही.

प्रेम हा शब्द इथे फार वेगळा दिसायला लागतो. विहिरी खणणं, हे प्रेम. धान्याची पोती वेळेवर येतील हे बघणं, हे प्रेम. रमाबाईंनी शेती उभी केली, फळझाडं लावली, गाईगुरं पाळली. मुलींना विणकाम, शिवणकाम, तेल गाळणं, दूधदुभतं, छपाई असे उद्योग शिकवले, कारण विद्या आहे पण हाताला काम येत नाही म्हणून आपले आईवडील उपाशी मेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. फसवल्या गेलेल्या, रस्त्यावर आलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. फुलहॅमच्या घरात पाहिलेलं ते आता दौंडच्या माळावर उभं होतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डेमो वेगळा आणि प्रत्यक्ष चालणारी यंत्रणा वेगळी. डेमो पाच मिनिटांत सगळ्यांना खूश करतो. खरी यंत्रणा मध्यरात्री बंद पडते आणि तेव्हा कुणाला तरी उठून बसावं लागतं. केडगाव ही कधीच बंद पडू न दिलेली यंत्रणा होती. रमाबाई स्वतः पांढरं सुती लुगडं नेसून, आखूड कापलेल्या केसांनी, त्या कामात पंचवीस वर्षं उभ्या होत्या.

एक अवघड प्रश्न

केडगावात शारदा सदनासारखं धर्माबाबतचं तटस्थपण उरलं नाही, हे इथे सांगायलाच हवं. १८९३ नंतर आणि दुष्काळानंतर रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती संस्था चालवली. बहुतेक मुलींनी बाप्तिस्मा घेतला. १९०५ च्या सुमारास तिथे मोठी धार्मिक जागृती झाली. शेकडो मुली मोठमोठ्याने रडत, प्रार्थना करत. दूरदूरचे ख्रिस्ती लोक ते पाहायला आले. या भागाशी माझं फारसं जमत नाही. आणि जिला मरणाच्या दारातून आणलं, जिला जेवू घातलं, त्या आठ वर्षांच्या मुलीने धर्म निवडला असं कितपत म्हणता येईल, हा प्रश्नही मला सोडत नाही. तो टिळकांनी विचारला म्हणून चुकीचा ठरत नाही आणि रमाबाई मोठ्या म्हणून संपतही नाही.

पण त्याच्या शेजारी मी दुसरा प्रश्न ठेवते. त्या मुली ज्या रस्त्यावर पडल्या होत्या, त्या रस्त्याने बाकी किती धर्मनिष्ठ माणसं गेली असतील? त्यांना उचलायला कुणाचा धर्म आडवा आला नसता. रमाबाईंवर शंका घ्यायचा अधिकार सगळ्यात आधी त्याला, ज्याने त्यातल्या एकीला तरी घरी नेलं. शिवाय ज्या आल्या त्यांच्याकडून रमाबाईंनी भक्तीचा देखावा मागितला नाही. कृतज्ञ नसलेल्या, पळून गेलेल्या, शिव्या देणाऱ्या मुलीही त्या घरात होत्या आणि पुन्हा परत घेतल्या गेल्या, हे त्या घराबद्दल वाचताना जाणवतं.

शेवटचं काम

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षं रमाबाईंनी एका कामाला वाहिली. बायबलचं मराठी भाषांतर उपलब्ध होतं, पण त्यांच्या मते ते खेड्यातल्या बाईला कळणारं नव्हतं. संस्कृतच्या पंडिता असलेल्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून नवं भाषांतर सुरू केलं, आणि जाणूनबुजून जड संस्कृत शब्द बाजूला ठेवले. ज्या विद्येने त्यांना पदव्या मिळवून दिल्या होत्या ती त्यांनी मुद्दाम आवरती घेतली. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळवणं, मुद्रितं, बांधणी, ही कामं तिथल्याच मुलींच्या हातची. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुली, अक्षरओळख नसलेल्या, आता एका पुस्तकाचं पान न् पान जुळवत होत्या. क्रॉसवरची लॅटिन अक्षरं नाकारणाऱ्या बाईने आपल्या लोकांना कळतील अशी अक्षरं शेवटी स्वतःच छापून घेतली.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही, कारण केडगावच्या दिनक्रमात त्याने काही बदललं नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. संस्था ज्यांच्या हाती सोपवायची, त्याच आधी गेल्या. रमाबाईंनी भाषांतराचं उरलेलं काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते त्यांच्या मागे.

सगळ्यांनीच त्यांना आपलं म्हणायचं टाळलं. हिंदू समाजाला त्या धर्म सोडून गेलेल्या, चर्चला त्या हट्टी, सुधारकांना गैरसोयीच्या. १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. पण केडगावची संस्था मात्र आजही चालू आहे. निराधार स्त्रिया आणि मुलं तिथे आजही राहतात. पुण्याहून सोलापूरकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, आपल्यापैकी अनेकांनी ते खिडकीतून पाहिलं असेल.

मेळाव्याच्या निमित्ताने शाळेसाठी निधी जमवायचं घाटतंय, हे चांगलंच आहे. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची का, यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली. माझं मत एवढंच, की पाटीचा खर्च वाचवून त्यात दोन मुलींची बारावीपर्यंतची फी भरता येईल का, ते आधी बघू. आणि पुढच्या हिवाळ्यात कुणाला यायचं असेल तर एक रविवार केडगावला जाऊन येऊ. जाताना नुसतं बघायला नको, आधी तिथे फोन करून काय लागतंय ते विचारू आणि तेच घेऊन जाऊ.